गोठलेल्या भूमीवरील वाट

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. जो एका ठिकाणी स्थिर राहत नाही, त्याचा सारा संसार त्याच्याबरोबरच हिंडत असतो, असा तिचा आशय. कॅनडा देशात उन्हाळा सुरू झाला, की ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविणारी वाहने जागोजागी दिसू लागतात. बाहेरून पाहावे तर ती एक मोठी मोटारगाडी. आत डोकावून पाहावे तर नीटनेटके घरकुल! निजण्यासाठी बिछाने, स्वयंपाकासाठी शेगडी, भांडी ठेवण्यासाठी फडताळ, पिण्याच्या पाण्याची टाकी, लहानशी मोरी आणि शौचकूप, असे सारे काही त्या चार भिंतींच्या आत बसविलेले असते. रात्र पडेल तेथे मुक्काम करावा आणि सकाळी घरासह पुढे निघावे, असा या मोटारघरातील प्रवाशांचा क्रम असतो.

अशी मोटारघरे कॅनडातील अनेक सुंदर रस्त्यांवरून धावतात. परंतु त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात एक रस्ता असा आहे, की त्यावर निघण्यापूर्वी अनुभवी प्रवासीदेखील दोनदा विचार करतो. त्या रस्त्याचे नाव डेम्पस्टर महामार्ग. त्याची लांबी सुमारे ७४० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नागपूर जेवढे दूर, साधारण तेवढीच आहे. पुण्याहून नागपूरला जाताना किती गावे, किती शहरे आणि किती बाजारपेठा लागतात! डेम्पस्टर महामार्गावर मात्र पहिल्या साडेपाचशे किलोमीटरांत एकही गाव नाही. डोंगर, दऱ्या, नद्या, दलदल आणि आभाळ एवढीच काय ती प्रवाशाची सोबत.

हा रस्ता डांबरी नाही. तो खडीचा व मातीचा आहे. जो कोणी त्याकडे प्रथमच पाहतो, त्याला एका गोष्टीचे नवल वाटते. सपाट मैदानातदेखील हा रस्ता जमिनीलगत जात नाही. शेतातील उंच बांधाप्रमाणे तो सभोवतालच्या भूमीपासून वर उचललेला असतो. पुराचे भय नसलेल्या ठिकाणीही एवढा भराव घालण्याचे कारण काय असावे? या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर नसून रस्त्याच्या खाली आहे. त्या उत्तरातच उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचे सारे रहस्य साठविलेले आहे.

प्रवासाचा आरंभ डॉसन या गावापासून होतो. युकॉन आणि क्लॉन्डाइक या नद्यांच्या संगमावर ते वसलेले आहे. १८९६ साली या भागात सोने सापडले आणि दोन वर्षांच्या आत हजारो माणसे धनाच्या आशेने येथे येऊन धडकली. आज ती झुंबड ओसरली असली, तरी लाकडी घरांचे ते जुने गाव टिकून आहे. डॉसनपासून सुमारे ४० किलोमीटरांवर डेम्पस्टर महामार्गाचा फाटा फुटतो. तेथून पुढचा पेट्रोलचा पंप सुमारे ३७० किलोमीटरांवर आहे! म्हणून शहाणा प्रवासी येथे गाडीची टाकी काठोकाठ भरून घेतो. चाकांची हवा तपासतो. एकाऐवजी दोन जादा चाके बरोबर ठेवतो. कारण या रस्त्यातील पाटीच्या दगडाचे टोकदार तुकडे टायरांना सुरीप्रमाणे कापतात. काही दिवस पुरेल एवढे अन्न, पिण्याचे पाणी, उबदार कपडे, औषधे आणि डासांपासून रक्षण करणारी जाळी, हे सारे घेतल्यावाचून तो फाट्यावरून आत वळत नाही. वाटेत बहुतेक ठिकाणी दूरध्वनीची सोय नाही. गाडी बिघडली, तर मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीची वाट पाहणे हाच उपाय. त्यामुळे उभी असलेली गाडी दिसली, की थांबून विचारपूस करावयाची, हा या वाटेवरचा अलिखित धर्म होऊन बसला आहे.

प्रारंभी दोन्ही बाजूंना स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य लागते. थोड्या वेळाने पश्चिमेकडे काळ्या पाषाणाचे सुळके आकाशात घुसलेले दिसतात. त्यांतील एक शिखर थडग्यावरील उभ्या शिळेसारखे भासते, म्हणून त्याला टूम्बस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड, असे नाव पडले. रस्ता चढत चढत सुमारे १३०० मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. झाडे एकाएकी विरळ होतात, खुरटतात आणि अखेरीस दिसेनाशी होतात. पुढे पसरते ती वृक्षहीन टुंड्रा भूमी. शेवाळे, दगडफूल, बोटभर उंचीची फुलझाडे आणि गुडघ्याएवढी झुडपे, एवढीच तेथील वनसंपत्ती. उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट महिन्याच्या उत्तरार्धात, हीच झुडपे तांबड्या, केशरी व पिवळ्या रंगांनी पेटून उठतात. दूरवरचे डोंगर जणू गालिचे पांघरून बसले आहेत, असा भास त्या वेळी होतो.

झाडे विरळ होण्यापूर्वी एक विचित्र दृश्य काही ठिकाणी दिसते. स्प्रूसची झाडे सरळ उभी न राहता कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे अशी कललेली असतात. एखाद्या मद्यपी माणसाचा तोल जावा, तसा त्यांचा तोल गेलेला असतो; म्हणून लोक अशा वनाला थट्टेने 'झिंगलेले अरण्य' म्हणतात. वारा त्यांना वाकवीत नाही. त्यांच्या पायाखालची जमीनच हललेली असते.

या भागात हिवाळा इतका दीर्घ आणि इतका कडक असतो, की जमिनीत खोलवर शिरलेले पाणी गोठून दगडासारखे होते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर वितळतो. त्याच थरात गवत उगवते व फुले फुलतात. त्याखालची भूमी मात्र वर्षानुवर्षे, काही ठिकाणी तर हजारो वर्षे, गोठलेलीच राहिलेली आहे. अशा भूमीला शास्त्रज्ञ 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. आपण तिला चिरगोठित भूमी म्हणू. काही ठिकाणी या भूमीत माती थोडी आणि बर्फ अधिक असतो. जोपर्यंत ती थंड आहे, तोपर्यंत ती खडकासारखी भक्कम असते. पण ऊब लागून आतला बर्फ वितळला, की तिचा चिखल होतो, जमीन खचते आणि वरची झाडे कलंडतात.

आता या भूमीवर रस्ता कसा बांधावा? आपल्याकडे रस्ता बांधताना प्रथम झाडेझुडपे काढून, वरची माती खरवडून कठीण तळ गाठतात. तेच येथे केले तर अनर्थ ओढवतो. टुंड्रावरील शेवाळ्याचा थर हा त्या भूमीचे पांघरूण आहे. उन्हाची उष्णता तो खाली जाऊ देत नाही. ते पांघरूण काढले, की उघडी पडलेली काळी माती उन्हाने तापते, खालचा बर्फ वितळतो आणि रस्त्याच्या जागी चिखलाचा ओढा तयार होतो. डेम्पस्टर महामार्ग बांधणाऱ्या अभियंत्यांनी म्हणून उलटी रीत स्वीकारली. त्यांनी जमीन खणली नाही. शेवाळे जागच्या जागी ठेवून त्यावरच खडीचा जाड थर रचला. हा थर काही ठिकाणी सव्वा मीटर, तर काही ठिकाणी जवळजवळ अडीच मीटर जाडीचा आहे. वरून पाहणाऱ्याला तो रस्ता वाटतो. खालच्या बर्फाच्या दृष्टीने ते एक दगडी गोधडीचे पांघरूण आहे! आपण गोधडी घेतो ती अंगातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. येथे गोधडी घातली आहे ती बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून. भर सपाटीत रस्ता उंच का, या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

हे काम सोपे नव्हते. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या कारकिर्दीत १९५९ साली रस्त्याचे काम सुरू झाले. उत्तरेकडे खनिज तेल व वायू सापडेल, अशी त्या वेळी आशा होती. या अवघड मुलखातील मार्ग दाखविण्याच्या कामी जो हेन्री या स्थानिक आदिवासी शिकाऱ्याचे साहाय्य झाले. कोणती दरी पुढे मोकळी होते आणि कोणत्या उतारावर पाणी साचते, हे त्याला नकाशावाचून ठाऊक होते. परंतु थोडे अंतर तयार झाल्यावर काम बंद पडले. पुढे १९६८ साली शेजारच्या अलास्कात तेलाचा मोठा साठा सापडला आणि रस्त्याच्या कामाला पुन्हा चालना मिळाली. अखेर १९७९ सालच्या ऑगस्ट महिन्यात, म्हणजे आरंभानंतर वीस वर्षांनी, महामार्ग वाहतुकीस खुला झाला.

खिंड ओलांडून, ओगिल्वी पर्वताच्या करड्या टेकड्यांमधून आणि त्याच नावाच्या नदीच्या काठाने मार्गक्रमण करीत मोटारघर इगल प्लेन्स येथे पोहोचते. हे गाव नव्हे. पेट्रोलचा पंप, टायर दुरुस्तीची जागा आणि प्रवाशांसाठी विश्रामगृह, एवढाच त्याचा पसारा. तरी रस्त्याच्या बरोबर मध्यावर भेटणारे हे ठिकाण प्रवाशाला एखाद्या राजधानीसारखे वाटल्यास नवल नाही. या महामार्गाचे काही सरळ व रुंद तुकडे विमानांना उतरण्यासाठीही राखून ठेवलेले आहेत. कोणी प्रवासी आजारी पडला किंवा अपघातात सापडला, तर त्याला नेण्यासाठी लहान विमान तेथे थेट रस्त्यावरच उतरू शकते. अशा ठिकाणी तशी सूचना देणाऱ्या पाट्या लावलेल्या आहेत.

इगल प्लेन्सच्या पुढे सुमारे ३५ किलोमीटरांवर प्रवासी उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो. भूगोलाच्या पुस्तकात तुटक रेषेने दाखविलेले हे वृत्त येथे एका फलकाने दर्शविले आहे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे जूनमध्ये पृथ्वीचा उत्तरेकडील भाग सूर्याकडे झुकतो. साडेसहासष्ट अंशांवरील या वृत्तापलीकडे त्या काळात पृथ्वी स्वतःभोवती पूर्ण फेरी घेते, तरी सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. मध्यरात्री बारा वाजता मोटारघराच्या खिडकीतून कोवळे ऊन आत येते. पडदे ओढून घेतल्यावाचून मुलांना झोप लागत नाही आणि पाखरांना तर निजावे केव्हा, असाच प्रश्न पडत असावा! डिसेंबरात याच्या नेमके उलट घडते. त्या वेळी कित्येक दिवस सूर्याचे दर्शनच होत नाही. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडे काही वेळ फिकट उजेड फाकतो आणि पुन्हा काळोख पसरतो.

या ओसाड दिसणाऱ्या प्रदेशाचा खरा स्वामी म्हणजे कॅरिबू हे सांबरासारखे जनावर. रानटी कॅरिबूंचा जो कळप या भागात वावरतो, त्याला पॉर्क्युपाइन नदीवरून नाव मिळाले आहे. २०१७ सालच्या गणनेत त्याची संख्या सुमारे २ लाख १८ हजार भरली होती. उन्हाळ्याच्या आरंभी आर्क्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर माद्यांना पाडसे होतात. हिवाळा जवळ आला, की कळप दक्षिणेकडील अरण्याकडे सरकतो. या येण्याजाण्याच्या मार्गातच महामार्ग आडवा आला आहे. या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले ग्विचिन लोक कॅरिबूवरच जगत आले आहेत. त्याचे मांस हे त्यांचे अन्न, कातडे हे वस्त्र आणि हाड हे हत्यार. त्यांच्यातील वडीलधारी माणसे तरुणांना एक नियम शिकवितात : कळपाच्या आघाडीवर चालणाऱ्या कॅरिबूंना कधी अडवू नये, त्यांना मारू नये. पुढचे निर्धास्तपणे पार झाले, तर मागचा सारा कळप त्यांच्या वाटेने येतो. पुढचे बिथरले, तर साराच कळप वाट बदलतो. म्हणून कळप दिसला, की समजूतदार वाहनचालक गाडी थांबवितो, भोंगा वाजवीत नाही आणि शेवटचे पाडस रस्ता ओलांडून जाईपर्यंत शांत बसून राहतो.

पुढे रिचर्डसन पर्वताच्या माथ्यावर युकॉन प्रांताची सीमा संपते व वायव्य प्रदेश सुरू होतो. या माथ्याच्या पश्चिमेस पडलेले पावसाचे पाणी अखेरीस पॅसिफिक महासागराकडे जाते, तर पूर्वेस पडलेले पाणी आर्क्टिक महासागराला मिळते. डोंगर उतरून गाडी पील नदीच्या काठी येते. नदीवर पूल नाही. गाड्यांसकट माणसांना पैलतीरी नेणारी एक सपाट फेरीबोट आहे. नदी ओलांडून थोड्याच अंतरावर फोर्ट मॅकफर्सन हे ग्विचिन लोकांचे गाव लागते. साडेपाचशे किलोमीटरांनंतर आलेले हे पहिले गाव. तेथील दफनभूमीत चार माणसांची समाधी आहे. या महामार्गाला डेम्पस्टर हे नाव का मिळाले, ते या समाधीपाशी उभे राहिल्यावर कळते.

त्या काळी घोडदळ पोलिसांची एक तुकडी दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांतून डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामध्ये टपाल ने-आण करीत असे. १९१० सालच्या २१ डिसेंबरला इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्सजेराल्ड तीन सोबत्यांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाला. पूर्वीच्या सर्व तुकड्यांपेक्षा कमी दिवसांत पोहोचावे, ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. ओझे हलके राहावे म्हणून त्याने नेहमीपेक्षा कमी अन्न बरोबर घेतले. इसाव जॉर्ज नावाच्या ग्विचिन वाटाड्याने काही दिवस त्यांना मार्ग दाखविला. परंतु पुढे आपल्याला त्याची गरज नाही, असे समजून फिट्सजेराल्डने त्याला परत पाठविले. तुकडीतील कार्टर नावाचा माणूस या वाटेने पूर्वी एकदाच, आणि तोही उलट दिशेने, गेला होता. त्याच्या आठवणीवर सारी भिस्त होती. थंडी उणे ५० अंशांपर्यंत उतरली. ज्या ओढ्यापाशी वळावयाचे, तो ओढा काही केल्या सापडेना. अनेक दिवस शोधाशोध करण्यात गेले. अन्न संपत आले, तेव्हा ते माघारी वळले. पण फार उशीर झाला होता. घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना एकेक करून मारून खाण्याची पाळी त्यांच्यावर आली.

इकडे डॉसनमध्ये तुकडीची वाट पाहणारे लोक चिंतेत पडले. १९११ च्या फेब्रुवारीअखेर कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टर यास शोधासाठी पाठविण्यात आले. त्याने चार्ली स्टुअर्ट या ग्विचिन वाटाड्याला बरोबर घेतले आणि त्याचा शब्द अखेरपर्यंत मानला. मार्च महिन्यात त्यांना चारही जणांची प्रेते सापडली. फिट्सजेराल्ड आणि कार्टर हे तर फोर्ट मॅकफर्सनपासून केवळ ४० किलोमीटर दूर होते! फिट्सजेराल्डजवळ एक कागद मिळाला. जळक्या काटकीच्या टोकाने त्यावर त्याने आपले अखेरचे इच्छापत्र लिहिले होते. जे काही थोडे होते, ते त्याने आपल्या आईला ठेवले होते.

फिट्सजेराल्ड भित्रा नव्हता, की अडाणीही नव्हता. त्याच्या अंगी धाडस होते. परंतु या भूमीत धाडसाबरोबर जी नम्रता लागते, ती त्या एका प्रवासात तो विसरला. ज्यांचे आजे-पणजे या वाटेने चालत आले, त्यांना विचारल्याशिवाय येथे पाऊल टाकू नये, हा धडा चार प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला. रस्त्याला नाव देण्यात आले ते वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्याचे नव्हे, तर वाटाड्याचा शब्द मानून बेपत्ता सोबत्यांना शोधावयास निघालेल्या डेम्पस्टरचे.

फोर्ट मॅकफर्सन सोडल्यावर गाडी मॅकेन्झी नदीच्या तीरावर येते. कॅनडातील नद्यांमध्ये हिची लांबी सर्वांत मोठी. येथेही फेरीबोटीनेच पार व्हावे लागते. हिवाळ्यात मात्र बोटीची गरज उरत नाही. नदी इतकी घट्ट गोठते, की तिच्या पाठीवरूनच मालमोटारी धावतात! ऑक्टोबराच्या सुमारास बर्फ धरू लागतो; त्या वेळी बोट चालत नाही आणि बर्फही गाडीचे वजन पेलण्याइतका जाड झालेला नसतो. वसंतात बर्फ फुटू लागला, की पुन्हा तीच अवस्था. वर्षातून दोनदा काही आठवडे रस्ता असा अडून पडतो. तेवढ्या काळात पलीकडच्या गावांना भाजीपाला व दूध विमानानेच मागवावे लागते आणि वस्तूंचे भाव चढतात.

मॅकेन्झीच्या पलीकडे इनुविक हे शहर आहे. १९५० नंतरच्या दशकात ते नव्याने वसविण्यात आले. तेथे गेल्यावर प्रवाशाला रस्त्याच्या भरावाची आठवण पुन्हा होते. कारण तेथील घरेही जमिनीवर टेकलेली नाहीत. जमिनीत रोवलेल्या खांबांवर ती उभी आहेत आणि घर व जमीन यांच्यामधून गार वारा वाहत असतो. घरात शेगडी पेटते. तिची ऊब खाली उतरली, तर जमीन वितळून घर खचेल. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही जमिनीत पुरलेले नाहीत. धातूच्या आवरणात गुंडाळून ते घरांमागून जमिनीवरच नेलेले आहेत. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापलीकडे येथे सूर्य मावळत नाही, आणि हिवाळ्यात सुमारे महिनाभर तो उगवत नाही.

फार वर्षे रस्ता इनुविकलाच संपत असे. आर्क्टिक समुद्राच्या काठचे टुक्टोयाक्टुक हे इनुव्हियालुइट लोकांचे गाव त्यापुढे होते. पण तेथे जावयास उन्हाळ्यात विमान किंवा नाव आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरील व समुद्रावरील तात्पुरता मार्ग, एवढेच साधन होते. २०१७ सालच्या नोव्हेंबरात सुमारे १३८ किलोमीटरांचा नवा रस्ता खुला झाला आणि कॅनडाच्या रस्त्यांचे जाळे प्रथमच आर्क्टिक महासागराला जाऊन भिडले. हा रस्ता बांधण्याची रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक काम भर हिवाळ्यात, काळोखात आणि कडाक्याच्या थंडीत करण्यात आले. कारण जमीन पूर्ण गोठलेली असताना तिच्यावर भराव घातला, तर तिला इजा होत नाही. शेवाळ्यावर आधी मजबूत कापड अंथरले आणि त्यावर खडी रचली. जमीन कोठेही खणली नाही.

टुक्टोयाक्टुकच्या सपाट माळावर काही टेकड्या एकेकट्या उभ्या आहेत. त्यांना पिंगो म्हणतात. एखादे तळे आटले, की त्याच्या तळाखालची ओली माती चोहोबाजूंनी गोठू लागते. आतले पाणी कोंडले जाते, वर ढकलले जाते आणि गोठताना जमिनीला फुगवीत वर उचलते. अशा रीतीने पोटात बर्फाचा गोळा असलेली टेकडी तयार होते. येथील इब्युक नावाचा पिंगो सुमारे ४९ मीटर उंच आहे. सपाट किनाऱ्यावर या टेकड्या दुरून दिसतात, म्हणून पूर्वी शिकारी व नावाडी त्यांच्याच खुणेने वाट ओळखत.

गावाच्या टोकाशी रस्ता संपतो आणि समोर आर्क्टिक महासागर पसरतो. उन्हाळ्यात प्रवासी मोटारघर उभे करून त्या थंडगार पाण्यात पाय बुडवितात, छायाचित्रे काढतात आणि समाधानाने माघारी फिरतात. गावकऱ्यांना मात्र माघारी फिरावयास दुसरे घर नाही. गेल्या काही दशकांत पृथ्वीचे तापमान वाढत चालले आहे, आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात ते इतर भागांपेक्षा अधिक वेगाने वाढत आहे. समुद्रावरील बर्फ आता उशिरा धरतो व लवकर फुटतो. बर्फाचा बांध नसल्यामुळे वादळी लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. आणि तो किनारा तर गोठलेल्या मातीचाच! उबेने तो मऊ होतो व लाटांबरोबर वाहून जातो. टुक्टोयाक्टुकमधील काही घरे उचलून आतल्या बाजूस न्यावी लागली आहेत. डेम्पस्टर महामार्गावरही काही ठिकाणी जमीन खचते, दरडी घसरतात, आणि दर उन्हाळ्यात कामगारांना खड्डे भरून भराव पुन्हा उंच करावा लागतो. ज्या वाहनांतून माणसे हा सुंदर प्रदेश पाहावयास येतात, त्या वाहनांचा धूरही या उबेत थोडी भर घालतो, ही गोष्ट विचारी प्रवाशाच्या मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

बांधकामाच्या इतिहासात निसर्गावर मात करणाऱ्या रस्त्यांच्या कथा पुष्कळ आहेत. कोठे डोंगर फोडला, कोठे समुद्र हटविला. डेम्पस्टर महामार्गाची कथा निराळी आहे. येथे माणसाने निसर्गाला जिंकले नाही. त्याच्याशी तह केला. 'तुझे पांघरूण काढणार नाही, तुझी झोप मोडणार नाही. मला केवळ वरून जाऊ दे', अशी या तहाची अट. ती अट पाळली तोवर रस्ता टिकला. आता ती पाळण्याची जबाबदारी एकट्या अभियंत्यांची राहिलेली नाही. हजारो कोस दूर असलेल्या देशांत माणसे किती इंधन जाळतात, यावर त्या गोठलेल्या भूमीची झोप अवलंबून आहे.

परतीच्या वाटेवर मोटारघर पुन्हा टुंड्रातून जाऊ लागते. मध्यरात्रीच्या सोनेरी उन्हात कॅरिबूंचा एखादा लहानसा कळप रस्त्याच्या कडेला येऊन थबकतो. सर्वांत पुढची मादी मान उंचावून गाडीकडे पाहते. गाडी थांबलेली असते. क्षणभराने ती खडीवर खूर ठेवते, पलीकडे उतरते, आणि मागचा सारा कळप निःशंकपणे तिच्या वाटेने जातो.